वादळानंतर घर उभं करायला निघालात? पहिल्यांदा जाणाऱ्या गोवेकरांसाठी

फोंड्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पत्र्याचे हूक, वायसर, तार, खिळे हा माझा रोजचा व्यवहार. २०१९ च्या जानेवारीत शेजारच्या इगर्जीतली (चर्चमधली) मंडळी तामिळनाडूला घरं दुरुस्त करायला निघाली. सामान घ्यायला ती माझ्याकडे आली आणि यादी वाचता वाचता मीच त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं. मी हिंदू, गटातले बहुतेक ख्रिस्ती, पण त्यावरून कुणाचं काही अडलं नाही. 'गज' वादळाला तेव्हा दोन महिने होत आले होते. त्यानंतर अधूनमधून कुणीतरी दुकानात येऊन विचारतं, "आम्हीही जाऊ म्हणतोय, काय काय लागेल?" सामान पाच मिनिटांत सांगून होतं. बाकीचं सांगायला दुकानात वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर ज्याला हरिकेन म्हणतात आणि जपानकडे टायफून, तेच आपलं चक्रीवादळ. 'गज' हे नाव श्रीलंकेने सुचवलेलं. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ते नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या मधल्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं आणि आत तंजावर, तिरुवारूर, पुदुक्कोट्टैपर्यंत माडांची बनं आडवी करत गेलं. माड लावल्यापासून नारळ हाती यायला सहा-आठ वर्षं लागतात. भाट (माडांची बाग) असलेल्या गोवेकराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. घर पडलं आणि त्याच रात्री पुढच्या सात वर्षांचं उत्पन्नही पडलं, अशी माणसं तुम्हाला तिथे भेटणार आहेत.

आमचा गट तिकडेच का गेला, याचं कारण गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वेलंकणीची सायबीण, म्हणजे तिथली मारियामाता. नागपट्टिणमपासून वेलंकणी जवळच, आणि वास्कोहून तिथे थेट रेल्वे जाते. त्या देवळाची परंपरेने सांगितली जाणारी कथाही वादळाचीच आहे. भर समुद्रात वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी ८ सप्टेंबरला त्या किनाऱ्याला सुखरूप लागले आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी तिथे देऊळ बांधलं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच किनाऱ्यावर हजारो माणसं गेली. म्हणून एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. तिथल्या लोकांना संकटातून उठायचं कसं हे शिकवायला तुम्ही जात नाही. ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतं. त्यांना हात कमी पडतात, तेवढे हात घेऊन तुम्ही जाताय.

आधी बोलावणं

बोलावणं आल्याशिवाय निघू नका. वादळाच्या बातम्या पाहून टेम्पो भरून निघणारे पुष्कळ असतात. पहिल्या आठवड्यात रस्त्यावर झाडं पडलेली, वीज नाही, प्यायचं पाणी टँकरने येतंय, अशा गावात आणखी पंधरा माणसं गेली की त्यांच्या जेवणाखाण्याचा भार त्याच गावावर पडतो. पहिले दिवस एनडीआरएफ, अग्निशमन दल, वीज खातं आणि गावातल्या तरुणांचे असतात.

तुमच्या पारोकियाच्या पाद्रींना सांगून आधी कारितास गोवाशी बोला. प्रत्येक धर्मप्रांताची स्वतःची समाजसेवा संस्था असते आणि या संस्था एकमेकींना ओळखतात. वेलंकणी तंजावर धर्मप्रांतात येतं. तिकडच्या संस्थेकडून निरोप यायला हवा: अमुक गावात, अमुक इतकी घरं, अमुक प्रकारचं काम, राहायची सोय अशी. हे चार मुद्दे लेखी आल्याशिवाय तिकिटं काढू नका. आम्हाला निरोप यायला तीन आठवडे लागले. गटातली तरुण मुलं चिडली होती. पण आम्ही पोचलो तेव्हा आमच्या नावावर चार घरं ठरलेली होती आणि प्रत्येक घराचं माप घेऊन ठेवलेलं होतं.

कधी जायचं

माझं मत विचाराल तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जा. तोवर कॅमेरे गेलेले असतात, ताडपत्र्या फाटायला लागलेल्या असतात, आणि घराच्या कामाला खरी सुरुवात झालेली असते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्या उलट. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी छपराच्या कामाला उत्तम. आम्ही सहा जानेवारीचं तीन राजांचं फेस्त आटोपून निघालो. एक हिशेब मात्र चुकला. जानेवारीच्या मध्यावर पोंगल येतो आणि त्या तीन-चार दिवसांत तिकडे गवंडी मिळत नाही. जाणार तिथले सण आधी विचारून घ्या.

आपल्या बाजूला, म्हणजे कोकणात किंवा गोव्यातच वादळ झालं, तर हिशेब उलटा होतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पाठोपाठ पावसाळा. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' आपल्या दारावरून गेलं तेव्हाही पावसाळा तोंडावर होता. अशा वेळी नवं छप्पर करण्याआधी चांगल्या जाड ताडपत्र्या घट्ट बांधून देणं हेच पहिलं काम, आणि पक्कं बांधकाम दिवाळीनंतर.

गट कसा करावा

बारा ते पंधरा माणसं पुरे. त्याहून जास्त झाली की निम्मी उभी राहतात. त्यात निदान तिघे-चौघे हाताने काम करणारे हवेत: एक सुतार, एक गवंडी, एक वायरमन, एक वेल्डर मिळाला तर सोन्याहून पिवळं. एक नर्स किंवा प्रथमोपचार शिकलेली व्यक्ती हवीच. एकाने फक्त हिशेब आणि सामान बघायचं. एकाने स्वयंपाक. हे शेवटचं काम लहान समजू नका. दिवसभर उन्हात घमेली वाहून आल्यावर वेळेवर शीत-कडी मिळाली नाही की भांडणं होतात.

अठरा वर्षांखालची मुलं नकोत. पाठीचा त्रास, मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरला विचारून यावं, आणि आलेल्यांनी ते लपवू नये. सगळ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. ज्यांना गेल्या पाच-दहा वर्षांत घेतल्याचं आठवत नाही, त्यांनी निघण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं.

निघण्याआधी दोन बैठका घ्या. पहिल्या बैठकीत पाद्रींनी आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या आणि त्या मी जशाच्या तशा पुढे देतो. कामाच्या जागी धर्माचं बोलायचं नाही. कुणाचं घर आधी हे जात-धर्म बघून ठरणार नाही, ते तिथली समिती ठरवेल. सकाळची प्रार्थना ज्याला बसायचं त्याने बसावं, बाकीच्यांनी तोवर अवजारं काढावीत. मी अवजारं काढायचो. आम्ही काम केलेल्या चार घरांपैकी दोन हिंदू कोळ्यांची, एक ख्रिस्ती विधवेचं आणि एक मुसलमान कुटुंबाचं होतं.

पैसा

इथे घाई करू नका, कारण चांगले गट इथेच अडकतात. इगर्जीत मिसा (प्रार्थना) झाल्यावर जी वर्गणी गोळा होते ती फाब्रिकेच्या, म्हणजे इगर्जीचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या नावाने जमा व्हावी, पावती द्यावी, आणि परत आल्यावर पूर्ण हिशेब फलकावर लावावा. रोख रक्कम कुणा एकाच्या खिशात नको.

गोव्यासाठी एक खास अडचण आहे. आपले निम्मे नातेवाईक बाहेर. आखातात नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो तेव्हा ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला तुमचा सख्खा भाऊ असला तरी कायद्याने तो परदेशी नागरिक, आणि त्याची देणगी विदेशी योगदान नियमन कायद्याखाली येते. ती घ्यायला संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी आणि ठरलेलं बँक खातं लागतं. लंडनहून प्रेमाने आलेले पैसे परत पाठवायची वेळ येऊ नये म्हणून देणगी मागतानाच पासपोर्ट कुठला ते विचारा आणि फाब्रिकेच्या हिशेबनिसाकडून खात्री करून घ्या.

आता माझं ठाम मत. जमलेल्या पैशांतला मोठा भाग तिथल्या गवंड्यांच्या मजुरीवर खर्च करा. तिकडे गवंड्याला कोत्तनार म्हणतात. वादळाने त्याचंही घर नेलेलं असतं. आपण फुकट काम करून त्याची रोजी मारली तर ती मदत कसली? आम्ही प्रत्येक घरावर एक कोत्तनार ठेवला, त्याला गावच्या दराने मजुरी दिली, आणि आम्ही त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून राबलो. पत्रे, सिमेंट, लाकूडही तिथल्याच दुकानातून घेतलं. मी दुकानदार असूनही गोव्यातून पत्रे नेऊ नका असं सांगतोय. तिकडचा दुकानदारही वादळातून उठतोय.

सामान

जाड तळव्याचे बूट. चपला नकोत, रबरी स्लीपर तर अजिबात नकोत. पडलेल्या घराच्या अंगणात प्रत्येक फळीला वर तोंड केलेला खिळा असतो. आमच्यातला एक मुलगा पहिल्याच संध्याकाळी चहा घ्यायला म्हणून स्लीपर घालून निघाला आणि खिळा तळव्यातून आत गेला. पुढचे चार दिवस तो बसून होता.

चामडी किंवा जाड कापडी हातमोजे दोन जोड, पूर्ण बाह्यांचे शर्ट, टोपी, छपरावर चढणाऱ्यांना हेल्मेट आणि कमरेला दोर, धुळीसाठी चांगले मास्क, डोळ्यांना चष्मा. मच्छरदाणी, विजेरी, पॉवर बँक, पाण्याची मोठी बाटली, ओआरएसची पाकिटं, आपली नेहमीची औषधं दोन आठवड्यांची. अवजारं: हातोड्या, पकडी, करवती, पहार, लेव्हल, मोजपट्टी, बॅटरीवरचं ड्रिल, आणि सगळ्यांवर रंगाचा पट्टा मारून ठेवा म्हणजे तिथल्या अवजारांत मिसळली तरी ओळखता येतात. सोलं (आमसुलं) जरूर घ्या. दुपारच्या उन्हात सोलांचं पाणी आम्हाला फार उपयोगी पडलं आणि तिथल्या बायकांनाही आवडलं.

जुने कपडे नेऊ नका. कळवळून सांगतो. वेदारण्यमच्या रस्त्याला एका शाळेबाहेर कपड्यांचा ढीग पाहिला, कमरेएवढा, पावसात भिजून कुजलेला. त्यात लग्नातले फ्रॉक होते. दारूची बाटली एकही नको.

रेल्वेने जात असाल तर वास्को-वेलंकणी गाडी आठवड्यातून एकदा असते, म्हणून जायचा आणि यायचा दिवस तिच्या वेळापत्रकावरून ठरवा. अवजारांच्या पेट्या पार्सलने आधी पाठवलेल्या बऱ्या.

पहिला दिवस: काही उचलू नका

आमच्या हातून झालेली चूक सांगतो. पोचलो त्या सकाळी उत्साहाच्या भरात आम्ही पहिल्या घराचं अंगण साफ करायला घेतलं. तुटक्या फळ्या, चेपलेले डबे, लाकडाचे तुकडे सगळं एका कोपऱ्यात टाकलं. घराच्या मालकीणबाई, सत्तरीच्या आजी, काही बोलल्या नाहीत. दुपारी पाहिलं तर त्या त्या ढिगात बसून काहीतरी शोधत होत्या. एका डब्यात त्यांनी छपराचे जुने खिळे वेचून ठेवले होते, दोन महिने, एकेक करून. तो डबा आम्ही कचरा म्हणून फेकला होता. डबा मिळाल्यावर त्या उंबऱ्याच्या दगडावर बसल्या आणि वाकडा खिळा आडवा धरून हातोडीने हलकेच ठोकत सरळ करायला लागल्या. अंगठा आणि बोटाच्या मध्ये खिळा फिरवायचा, उंचवटा वर आला की एक ठोका, पुन्हा फिरवायचा. मी जन्मभर खिळे विकले, पण खिळ्याला असा हात लावलेला पाहिला नव्हता.

तेव्हा पहिला दिवस फक्त बघण्याचा आणि विचारण्याचा. काय ठेवायचं, काय टाकायचं हे घरच्या बाईला विचारा, घराच्या पुरुषाला नव्हे. वस्तू कुठे काय होती ते तिला माहीत असतं. आढ्याचं जुनं लाकूड, दार, चौकट, ताडाचे वासे बहुतेक वेळा पुन्हा वापरता येतात.

सरकारी पाहणी झाली आहे का ते विचारा. आपल्याकडे जसा तलाठी पंचनामा करतो तसा तिकडे गावचा प्रशासकीय अधिकारी नुकसानीची नोंद करतो. नोंद व्हायच्या आत मोडतोड हलवली तर त्या कुटुंबाची भरपाई अडकू शकते. घरच्यांना सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवायला सांगा.

जमीन कुणाची हेही विचारा. किनाऱ्यावरच्या पुष्कळ झोपड्या पोरंबोक, म्हणजे कुणाच्या नावावर नसलेल्या सरकारी जमिनीवर असतात. तिथे आपण सिमेंटचे खांब उभे केले आणि उद्या नोटीस आली तर? आपल्याकडे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला कायद्याचं संरक्षण मिळायला १९७० चं दशक उजाडलं, हे आठवलं की हा प्रश्न किती नाजूक आहे ते कळतं. अशा जागी काय बांधायचं ते स्थानिक समितीच ठरवेल.

जिवाची काळजी

लोंबणारी प्रत्येक तार जिवंत समजा, गावात वीज नसली तरी. कुणी शेजारी जनरेटर घरच्या वायरिंगला जोडला असेल तर मेलेल्या तारेत उलटा प्रवाह येतो. जनरेटर कधीही घरात किंवा पडवीत चालवू नका, त्याचा धूर झोपेत माणूस मारतो.

आडव्या झालेल्या माडावर करवत चालवायची तर ज्याला ते काम येतं त्यानेच. दाबाखाली वाकलेलं खोड कापताच उसळतं. बाकीच्यांनी झाडाच्या दुप्पट लांबीएवढं लांब उभं राहावं.

सिमेंटचे जुने पत्रे फोडू नका, कोरडे कापू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ फुप्फुसात बसते. पाणी मारून, अख्खे उतरवून, एका बाजूला झाकून ठेवा.

साप असतात. घोणस, नाग, मण्यार. ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठीने हलवा. चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही. माणसाला न हलवता १०८ ला फोन करून सरकारी इस्पितळात न्यायचं. साचलेल्या पाण्यात उघडी जखम घेऊन उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला कुठे गेला होतात ते आपणहून सांगा.

अकरा ते तीन छपरावर कुणी नको. तापलेला पत्रा हात भाजतो आणि भोवळ आलेला माणूस खाली येतो.

छप्पर

माझा जीव या भागात आहे, तेव्हा जरा सावकाश वाचा.

वादळ छप्पर दाबून मोडत नाही, ते उचलून नेतं. वारा छपरावरून जाताना वरून ओढ लागते, आणि उघड्या दारा-खिडकीतून आत घुसलेला वारा खालून ढकलतो. ही ओढ सगळीकडे सारखी नसते. वळचणीच्या कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ ती सर्वात जास्त. म्हणून पडलेल्या घरांकडे नीट पाहिलंत तर बहुतेक ठिकाणी कोपऱ्याचा पत्रा आधी गेलेला दिसतो, आणि एक गेला की बाकीचे पानासारखे उलगडत जातात.

यावर उपाय म्हणजे साखळी. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या पाटाला, पाट खांबाला, खांब जमिनीला. यातला एक दुवा कच्चा राहिला की बाकी सगळ्यांचा खर्च वाया. तिकडे वासे बहुधा सुरूच्या लाकडाचे असतात, किनाऱ्यावर सुरूची लागवड पुष्कळ आहे. गोल सुरूला गोल सुरू नुसत्या खिळ्याने जोडला की वाऱ्याच्या हिसक्याने खिळा सरळ वर निघून येतो. प्रत्येक सांध्यावर जस्ताची जाड तार दुहेरी घेऊन पकडीने पीळ द्या किंवा लोखंडी पट्टी दोन्ही बाजूंनी बोल्टने बसवा. हे काम कंटाळवाणं आहे, एका छपराला आमचा अख्खा दिवस यातच गेला. पण पाहुणे म्हणून आलेल्या हातांनी करण्यासारखं याहून मोलाचं काम नाही, कारण घाईत असलेला मजूर नेमकं हेच सोडतो.

पत्र्याचा स्क्रू उंचवट्यावर मारायचा, नाळीत कधीच नाही. नाळीतून पाणी वाहतं आणि तिथलं भोक गळणारच. लाकडी रिपेला वायसर असलेला आटेदार स्क्रू, लोखंडी पाइपाला जे-हूक. साधा खिळा पत्र्याला वापरू नका. मधल्या भागात एक उंचवटा सोडून एक चालेल, पण वळचण, कोपरे आणि आढ्याच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर एक. वायसर चपटा होऊन फाटेपर्यंत आवळू नका, तो नुसता घट्ट बसला पाहिजे. वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच चढवा. बाजूचा जोड वारा ज्या दिशेने येतो तिकडे उघडा पडणार नाही असा लावा. वारा कुठून येतो ते कोत्तनारला विचारा.

उतार २२ ते ३० अंशांच्या मध्ये असावा. फार सपाट छप्पर जास्त उचललं जातं. वळचण दीड फुटापेक्षा बाहेर काढू नका. सावलीसाठी सगळ्यांनाच मोठी वळचण हवी असते, तेव्हा पडवीचं छप्पर वेगळं करा, मुख्य छपराला जोडून एकसंध नको. पुढच्या वादळात पडवी गेली तर एकटी जाईल, घर राहील. तिकडच्या घरांना पुढे तिण्णै असते, आपल्या सोप्यासारखी बसायची जागा. तिच्यावरच्या छपराला हे लागू.

मंगळुरी कौलांचं घर असेल तर कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्याजवळची ओळ तारेने रिपेला बांधा, आढ्यावरची कौलं चुन्या-सिमेंटात बसवा. कौल चढवताना हाताची साखळी करा. एक कौल दोन-अडीच किलोंचं, शंभर कौलांनंतर ते पाच किलोंचं वाटतं.

झोपडी चुडतांच्या झापांचीच पुन्हा करायची असं घरच्यांनी ठरवलं असेल तर त्यांना पत्र्याचा आग्रह करू नका. झाप थंड असतं, आणि आडव्या पडलेल्या माडांची चुडतं हाताशी असतात. त्यांना विणता येतं, तुम्ही सांगाडा पक्का करून द्या. झापांवरून जुनं मासेमारीचं जाळं टाकून चारी बाजूंना जमिनीत खुंट्यांना ताणून बांधलं की छप्पर बऱ्यापैकी टिकतं.

बोलणं-चालणं

हिंदीवर विसंबू नका. दहा शब्द पाठ केले तर दिवस निघतो. तण्णी म्हणजे पाणी, सापाडु जेवण, पोदुम पुरे, वेंडाम नको, मेदुवा हळू, निल्लुंग थांबा, पांबु साप, आणी खिळा, ओडु कौल. पुरुषांना अण्णा, बायकांना अक्का. निल्लुंग आणि पांबु हे दोन गटातल्या प्रत्येकाला झोपेतही ओळखता आले पाहिजेत.

परतीच्या वाटेवर तंजावरला एक दिवस ठेवता आला तर ठेवा. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. आठ दिवस खुणांनी बोलल्यावर त्या भिंतीवर आपली अक्षरं वाचताना माझे डोळे भरून आले होते.

फोटो विचारून काढा, पडक्या घरापुढे उभ्या असलेल्या माणसाचा तर विचारूनही काढू नये असं मला वाटतं. मुलांबरोबर एकट्याने कुठे जाऊ नका, त्यांना वस्तू वाटू नका. घरचे जे खायला देतील ते थोडं तरी खा. आजींनी छप्पर नसलेल्या घरापुढे रोज पहाटे सडा घालून कोलम (रांगोळी) काढलेलं असायचं. पहिल्या दिवशी आमची घमेली त्यावरून गेली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही मागच्या बाजूने वाट केली.

निघताना आणि नंतर

काम अर्धवट राहील असं दिसलं तर नवं घर सुरू करू नका. पाचवं घर घ्यावं असा गटात फार आग्रह झाला होता. आम्ही ते घेतलं नाही, उरलेले पैसे आणि माप समितीच्या हाती दिलं, ते घर पुढे कोत्तनारांनी पुरं केलं.

शेवटच्या दिवशी घरच्यांबरोबर छपराखाली उभं राहून वरून चार बादल्या पाणी ओता. गळलं तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं. उरलेले स्क्रू, वायसर, थोडी तार आणि एक पकड त्या घरात ठेवून या, आणि स्क्रू ढिला झाला तर कसा आवळायचा ते घरातल्या दोघांना तरी हाताने करून दाखवा. कोत्तनारचा फोन नंबर आणि समितीतल्या एकाचा नंबर गटातल्या दोघांकडे असू द्या.

मग त्यांचा पाऊस सुरू झाला की फोन करा. ऑक्टोबरच्या अखेरीला, आपल्याकडे दिवाळीचे आकाशकंदील लागलेले असताना, मी कोत्तनारला फोन लावला. तो आजींच्या घरीच होता, फोन त्याने त्यांच्या कानाला दिला. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका होता की त्या काय म्हणतात ते कळेना. मग त्यांनी एकच शब्द मोठ्याने तीनदा म्हटला: ओळुगल. गळत नाही.